मजामा

बडोद्यात कुणी "केम छो?" विचारलं
की उत्तर ठरलेलं असतं.
बाबांनी ते जन्मभर दिलं,
दूधवाल्याला, पोस्टमनला,
आई गेली त्या सकाळी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यालासुद्धा:
मजामा.

आम्हाला काही कळलं नाही
कारण सगळं चांगलंच घडत होतं.
बाबा चिडेनासे झाले.
पेपर उशिरा आला तर उशिरा वाचू लागले,
पुढे घडी न मोडताच ठेवून देऊ लागले.
दांडिया बाजारातून जाणाऱ्या वरातींना
खिडकीतून शिव्या देणं बंद.
पुण्याहून आत्या आली, म्हणाली,
"रघुवीर किती शांत झालाय गं! वयानं माणूस पिकतो."
मीही सुखावले. खोटं कशाला बोलू.
अख्खं आयुष्य त्या आवाजाखाली काढलं होतं.

दुखत मात्र होतं.
कधी पोट, कधी पाठ, कधी नुसतं "इथे",
आणि हात छातीवरून असा फिरायचा
की शर्टावरचा चुरा झटकतायत.
सोनोग्राफी झाली. रक्त तीनदा.
रिपोर्ट नॉर्मल.
बाबा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे
आणि अपराधी चेहरा करायचे,
उगाच खर्चात पाडलं म्हणून.

शेवटी एका रविवारी
मी बिरड्यात गूळ घातला नाही.
मुद्दाम.
आमच्या घरी वालाच्या बिरड्याला नावं न ठेवता
बाबा ताटावरून उठलेत, असं कधी झालं नव्हतं.
ते जेवले. ताट मोरीत नेऊन ठेवलं.
पुढच्या रविवारी मी मीठही घातलं नाही.
"छान झालंय," म्हणाले.
मी नळ मोठा सोडून
तिथेच उभी राहिले.

डॉक्टर हेतल माझ्या भाचीच्या वयाची.
पंधरा प्रश्नांचा कागद, हो किंवा नाही.
ती गुजरातीत विचारत होती,
बाबा गुजरातीत, अदबीनं, सगळं ठीक सांगत होते.
प्रतापनगर ते डभोई, छोट्या गाडीचे गार्ड होते ते.
एकतीस वर्षं हिरवं निशाण दाखवलं,
इथेही तेच दाखवत होते.

तिनं पेन खाली ठेवलं.
कुठल्याशा शेजारच्या मावशीकडून शिकलेलं
मोडकं मराठी काढलं:
"काका, तुम्ही कशाची वाट पाहतो?"
एरवी ते क्रियापद दुरुस्त केल्याशिवाय
बाबांनी पुढचा श्वास घेतला नसता.
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"चारची."
मग म्हणाले, "पहाटेच्या. तीनला जाग येते.
चार वाजले की म्हणता येतं, एक उरकली."

कागद पुन्हा पहिल्यापासून, मराठीत.
पंधरापैकी अकरा.
शाळेत असते तर पास.
"नुसत्या आकड्यावर नाही जायचं," ती म्हणाली,
थायरॉइड बघू, विसरणं बघू,
चालू गोळ्यांची पिशवी पुढच्या वेळी सगळीच्या सगळी आणा.
आणि मला बाहेर बसवून
जगणं नकोसं होतं का, हे तिनं सरळ विचारलं.
दाराच्या काचेतून फक्त मान दिसत होती.
ती कुठल्या बाजूला हलली
ते मी कुणाला सांगणार नाही.

येताना रिक्षावाला ओळखीचा निघाला.
"केम छो, काका?"
बाबांनी तोंड उघडलं.
मिटलं.
सूरसागर गेला, न्यायमंदिर गेलं,
रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं.

आज गोळी सुरू होऊन पाचवा रविवार.
बिरड्यात आजही गूळ नाही.
बाबांनी पहिला घास खाल्ला.
दुसऱ्याला हात वाटीवर थांबला.
वाटीत पाहिलं त्यांनी,
आणि माझ्याकडे.

मी खाली मान घालून
पोळीला तूप लावत राहिले,
लावलेल्या पोळीलाच पुन्हा.